नवा बाँड कोण, हे सोडून बाकी सगळं

साताऱ्यात पोवई नाक्यावर असो की सांगलीत विश्रामबागला, बाँडचा विषय निघाला की गाडी एकाच प्रश्नावर अडते: आता कोण? नावं निघतात, पैजा लागतात, वाद होतात. खरं तर सिनेमा उभा राहणार की पडणार, हे त्या नावावर फार कमी ठरतं. जॉर्ज लॅझेनबी हा जाहिरातींतला मॉडेल, अभिनयाचा अनुभव नसल्यात जमा, तरी त्याच्या 1969 च्या एकुलत्या एका बाँडपटाला आज जाणकार वरच्या रांगेत बसवतात. उलट पिअर्स ब्रॉस्ननसारखा तयार गडी हाताशी असून 2002 मध्ये अदृश्य होणारी गाडी आणली आणि हसं करून घेतलं.

तेव्हा चेहरा बाजूला ठेवू. ठरलेलं काय आहे? फेब्रुवारी 2025 मध्ये बाँडपट काढणाऱ्या ब्रोकोली-विल्सन घराण्यानं सर्जनशील निर्णयांचा ताबा अॅमेझॉन एमजीएम या कंपनीकडे दिला. एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन निर्माते, जूनमध्ये दिग्दर्शक म्हणून डेनी विलनव्ह, मग लेखक म्हणून स्टीव्हन नाइट. विलनव्हच्या हातात आधी तिसरा 'ड्यून', तो डिसेंबर 2026 चा. म्हणजे माझ्या हिशेबानं 2028 च्या आधी बाँड धरू नये. तारखेचा अंदाज बांधायचा तर मागचं वेळापत्रक बघा. मागचा बाँड डॅनियल क्रेग, त्याचं नाव ऑक्टोबर 2005 मध्ये जाहीर झालं, 'कसिनो रोयाल'चं चित्रीकरण जानेवारी ते जुलै 2006, सिनेमा नोव्हेंबरात पडद्यावर. नाव ते तिकीट, तेरा महिने. ब्रॉस्ननच्या वेळी जून 1994 ते नोव्हेंबर 1995, सतरा महिने. संगणकावरचं काम तेव्हापेक्षा कितीतरी वाढलंय, म्हणून आता नाव जाहीर झाल्यापासून दोन वर्षं मोजा. मधे येणाऱ्या 'आतल्या बातम्या' सोडून द्या.

दुसरा लाडका प्रश्न: मागच्या सिनेमात, 'नो टाइम टू डाय'मध्ये, बाँड मेला, आता परत कसा येणार? उत्तर सोपं आहे, काहीही न सांगता. 2006 मध्ये सगळं पहिल्यापासून सुरू केलं, तरी 'एम', म्हणजे बाँडची साहेब, म्हणून ज्युडी डेंच तीच ठेवली. कुणी विचारलं का, हे कसं? 'जेम्स बाँड हे नाव नसून हुद्दा आहे, माणसं बदलतात' हा सिद्धांत मात्र आता पुरून टाका. 1981 मध्ये रॉजर मूरचा बाँड ज्या बायकोच्या थडग्यावर फुलं ठेवतो, तिच्याशी लग्न लॅझेनबीच्या बाँडनं केलं होतं. आणि 'स्कायफॉल'मध्ये आईबापांच्या थडग्यावर बाँड हेच आडनाव कोरलेलं आहे. हुद्द्याला आईबाप नसतात.

आता मुद्द्याचं. चाहत्यांनी एकच मागणी लावून धरायची असेल तर ती ही: कॅमेरा सुरू व्हायच्या आधी पटकथा लिहून पूर्ण करा. 'क्वांटम ऑफ सोलेस' का फसला? नोव्हेंबर 2007 ते फेब्रुवारी 2008 हॉलिवूडचे लेखक संपावर होते आणि चित्रीकरण जानेवारीत सुरू झालं. अर्धवट पटकथा घेऊन मंडळी सेटवर गेली. आपण आणि दिग्दर्शक मिळून प्रसंग लिहीत होतो, हे क्रेगनंच नंतर सांगितलं. परिणाम पडद्यावर दिसतो: 106 मिनिटं, मारामारीवर मारामारी, आणि खलनायकाला नेमकं काय हवंय हे कळेपर्यंत सिनेमा संपत आलेला. 1997 च्या 'टुमॉरो नेव्हर डाइज'चीही पानं चित्रीकरण चालू असताना बदलत होती.

पटकथा पक्की आहे का, हे प्रेक्षकाला कसं कळणार? माझी कसोटी एकच: खलनायकाचा बेत एका वाक्यात सांगता आला पाहिजे. 'गोल्डफिंगर' घ्या. कादंबरीत खलनायक अमेरिकी सरकारच्या फोर्ट नॉक्स या कोठारातलं सोनं लुटायला निघतो, पण एवढे टन सोनं वाहून न्यायचं कसं? सिनेमावाल्यांनी ही चूक ओळखून बेतच बदलला: सोनं चोरायचं नाही, अणुस्फोटानं किरणोत्सारी करून निकामी करायचं, म्हणजे स्वतःकडच्या सोन्याचा भाव वाढेल. सांगलीच्या हळद बाजारातल्या कुठल्याही व्यापाऱ्याला हे सांगायला दुसरं वाक्य लागणार नाही. समोरच्याच्या गोदामात पाणी शिरलं की आपल्या पोत्यांना भाव येतो. 'कसिनो रोयाल'मधला ल शीफ्रही तसाच. लोकांचे पैसे सट्ट्यात घालवले, आता जुगारात जिंकून परत करायचे, नाहीतर जीव जाणार. 'स्पेक्टर'मध्ये काय झालं? खलनायक निघाला बाँडचा मानलेला भाऊ, आणि आधीच्या तीन सिनेमांतली सगळी दुखणी म्हणे यानंच दिली. जगावरचं संकट घरगुती भाऊबंदकी होऊन बसलं. नाइटकडून मला आशा आहे ती त्याच्या 'लॉक'मुळे. एक माणूस, एक गाडी, फोनवरचं बोलणं, एवढ्यावर त्यानं अख्खा सिनेमा पेलला. ज्याला बोलण्यातून ताण उभा करता येतो, त्याला दर दहा मिनिटांनी इमारत उडवावी लागत नाही.

स्टंटच्या बाबतीत 'खरं करा' ही ओरड नेहमीची, पण खरं म्हणजे किती खटपटीचं हे बघा. 'कसिनो रोयाल'मध्ये अॅस्टन मार्टिन डीबीएस कोलांट्या खाते तो प्रसंग. आधी रॅम्पवरून गाडी उलटवून पाहिली. गाडीचं वजन इतकं खाली बसलेलं की ती उडायची आणि चाकांवरच उतरायची. मग ड्रायव्हरच्या सीटमागे दाबलेल्या वायूची तोफ बसवली, तिचा दट्ट्या खाली जमिनीवर आपटला आणि गाडी सात वेळा फिरली. विक्रम झाला. 'नो टाइम टू डाय'मध्ये इटलीतल्या मातेराच्या गुळगुळीत फरशांवरून मोटारसायकलचं चाक घसरत होतं, तर रस्त्यावर हजारो लिटर कोकाकोला ओतलं. साखरेच्या चिकटपणानं टायर धरून राहतो. त्याच सिनेमात काही ठिकाणी क्रेग आत स्टिअरिंग फिरवताना दिसतो, पण गाडी चालवणारा स्टंटमन टपावरच्या पिंजऱ्यात बसलेला असतो. त्यामुळे नटाचा चेहरा जवळून मिळतो आणि वेगही खराच राहतो.

आणि 'गोल्डनआय'ची ती धरणावरची उडी. स्वित्झर्लंडमधलं व्हर्झास्का धरण 220 मीटर उंच. आपलं कोयना 103 मीटर, म्हणजे व्हर्झास्का त्याच्या दुपटीहून उंच. बरं, कोयनेवर ही उडी जमलीही नसती. आपलं धरण वजनावर उभं आहे, खालच्या अंगाला उतार, उडी मारणारा भिंतीवरच आपटेल. व्हर्झास्काची भिंत पातळ, कमानीची, जवळजवळ उभी. तिथंही वाऱ्यानं झोका दिला तर माणूस काँक्रीटवर जाण्याची भीती होतीच. ट्रेलर आला की हे बघा: कॅमेरा एका जागी किती सेकंद थांबतो? दोन सेकंदांच्या आत कट पडत असेल तर काहीतरी लपवलंय. विलनव्हला लांब शॉट धरायची सवय आहे, ही जमेची बाजू.

त्याच सवयीची दुसरी बाजू म्हणजे लांबी. 'ड्यून'चा दुसरा भाग 166 मिनिटांचा, मागचा बाँडही 163. 'गोल्डफिंगर' 110 मिनिटांत आटोपतो. आपल्याकडे हा फरक थेट खेळांवर पडतो. 163 मिनिटांत मध्यंतर, जाहिराती आणि सफाई धरली की एक खेळ सव्वातीन ते साडेतीन तासांचा. सकाळी दहा ते मध्यरात्र, एका पडद्यावर चारच खेळ. सातारा-सांगलीत त्यातले बरेचसे हिंदी डबचे असणार, आणि मूळ इंग्रजी हवा असेल तर अवेळीचा एखादा. शिवाय हे सिनेमे मध्यंतर धरून लिहिलेले नसतात. थिएटरवाला जिथं अर्ध होईल तिथं तोडतो, कधी ऐन पाठलागात. आयमॅक्सवर बघायचा हट्ट असेल तर पुणं गाठायची तयारी ठेवा.

सेन्सॉरचंही बघून जावं. 2015 मध्ये 'स्पेक्टर'मधली चुंबनं आपल्या मंडळानं निम्म्यावर आणली होती. आता यूएचे 7+, 13+ आणि 16+ असे तीन गट आहेत. यूए असेल तर पोरांना न्यायचं की नाही हे आईबापांनी ठरवायचं. 'ए' आलं तर अठराच्या आतल्यांना दारातच अडवतात. आणि पहिल्या दोन दिवसांत बघून टाका. मागचा सिनेमा देशात 30 सप्टेंबर 2021 ला लागला, पण महाराष्ट्रातली थिएटरं 22 ऑक्टोबरला उघडली. तीन आठवड्यांत शेवट सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन पडला होता.

अॅमेझॉन बाँडच्या मालिका काढेल, एमची सेक्रेटरी मनीपेनीची वेगळी, बाँडला हत्यारं पुरवणाऱ्या क्यूची वेगळी, अशी धास्ती आहे. ती रास्त आहे. 'पठाण'मध्ये टायगर आला तेव्हा थिएटरात शिट्ट्या पडल्या, 'टायगर 3'मध्ये पठाण आला तोवर सगळ्यांना ते ठाऊकच होतं. पाहुणा रोज यायला लागला की पाहुणा राहत नाही.

बाँडपटांची ओळख असलेला, बंदुकीच्या नळीतून दिसणारा बाँड मात्र पहिल्याच क्षणी हवा. क्रेगच्या काळात ती नळी कधी शीर्षकांना चिकटवली, कधी थेट शेवटी ढकलली. यावर माझी तडजोड नाही.

भारतात चित्रीकरण व्हावं, ही मागणी 'ऑक्टोपसी'च्या उदयपूरपासूनची. 'स्कायफॉल'ची सुरुवातीची रेल्वेवरची मारामारी आधी भारतातच घ्यायची होती. परवानग्यांची गाडी पुढे सरकेना, तेव्हा युनिट तुर्कस्तानात गेलं. 'गंगाजल'च्या वेळी वाईनं बिहार होऊन दाखवलंय, पण चालत्या रेल्वेच्या टपावर माणसं चढवायची तर घाट देखणा असून भागत नाही, रेल्वेची सही लागते.

वाट बघवत नसेल त्यांच्यासाठी एक. बाँडच्या कादंबऱ्या लिहिणारा इयन फ्लेमिंग ऑगस्ट 1964 मध्ये गेला. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे त्याच्या हयातीत छापलेल्या कादंबऱ्या 1 जानेवारी 2025 पासून भारतात खुल्या आहेत. मराठीत अनुवाद करायला आता त्याच्या वारसांची परवानगी नको. मरणोत्तर आलेली पुस्तकं यात धरू नका, त्यांची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. सिनेमातलं संगीत, बंदुकीची नळी, सिनेमानं घातलेले प्रसंग यांना हात लावायचा नाही, आणि मुखपृष्ठावर 007 चा तो पिस्तुलाचा शिक्का टाकलात तर ट्रेडमार्कची नोटीस येऊ शकते. ब्रिटनमध्ये हक्क सत्तर वर्षांचा, 2034 संपेपर्यंत, त्यामुळे अनुवाद तिकडे विकायला पाठवू नका. सुरुवात 1953 च्या 'कसिनो रोयाल'पासून करा. त्यातला जुगार सिनेमातला पोकर नाही, बॅकरा हा पत्त्यांचा दुसराच खेळ आहे. तेव्हा पहिलं प्रकरण हातात घेण्याआधी त्या खेळाचे नियम शिकून घ्या.