तुम्ही विचारलंत म्हणून: रत्नागिरीत काय बघायचं?

"गणपतीपुळ्याला चाललोय, वाटेत अर्धा दिवस रत्नागिरीला देऊ शकतो, काय काय बघून होईल?" दिवाळी किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की हा प्रश्न मला हमखास येतो. कधी पुण्याच्या नातेवाइकांकडून, कधी मित्राच्या मित्राकडून. माझं उत्तर एकच असतं. अर्ध्या दिवसात रत्नागिरी होत नाही. एक रात्र शहरात मुक्काम करा आणि पुळं दुसऱ्या दिवसावर ठेवा. बहुतेकांच्या गाड्या महामार्गावरून निवळी फाट्याला वळतात आणि परस्पर पुळ्याला पोचतात. शहर डावीकडे राहून जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सकाळी उठून आधी थिबा पॅलेसला जा. उन्हं चढायच्या आत.

ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याची राजधानी मंडाले घेतली आणि राजा-राणीला बोटीत बसवून देशाबाहेर काढलं. आधी मद्रास, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. राजाचं वय तेव्हा तिशीच्या आतच होतं. रत्नागिरीच का, हे इथल्या भूगोलाकडे पाहिलं की कळतं. पाठीशी सह्याद्री, समोर समुद्र, दोन्ही बाजूंना खाड्या, रेल्वेचा पत्ता नाही. मुंबईहून येणारी आगबोट हाच मोठा रस्ता, आणि पावसाळ्यात तीही बंद. ज्याला जगाच्या नजरेआड ठेवायचं, त्याच्यासाठी याहून सोयीची जागा सरकारला कुठे मिळणार होती?

आज आपण पाहतो तो राजवाडा मात्र त्याला फार उशिरा मिळाला. आधीची चोवीस वर्षं तो बंगल्यांतच राहिला. १९१० मध्ये इथे राहायला आला आणि डिसेंबर १९१६ मध्ये वारला. म्हणजे हे वैभव त्याच्या वाट्याला जेमतेम सहा वर्षं आलं. जांभा दगड आणि लाल विटांची इमारत, उतरती छपरं, लाकडाच्या नक्षीदार अर्धगोल खिडक्या. आत संग्रहालय आहे, ते जरूर बघा, पण माझा आग्रह वेगळाच आहे. मागच्या बाजूला जाऊन पश्चिम-दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. खाली काजळी नदी भाट्याच्या खाडीत पसरत जाते, पलीकडे भाट्याचं सुरूबन आणि त्यापुढे समुद्र. राजाला रोज हेच दिसत होतं. जवळच थिबा पॉइंट आहे. लोक तिथे सूर्यास्ताला गर्दी करतात. सकाळी तिथे शांतता असते आणि खाडीतल्या होड्या नीट दिसतात.

राजवाड्यावरून थेट परत फिरू नका. शिवाजीनगर भागात, घरांच्या मधोमध, थिबाची समाधी आहे. अगदी साधी. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन इथे येऊन नतमस्तक होऊन गेले. राणी सुपयालत १९१९ मध्ये मायदेशी परतली, पण राजाला ते जमलं नाही, मेल्यावरही नाही. त्याच्या थोरल्या मुलीचं आयुष्य रत्नागिरीतच सरलं. तिची मुलगी टूटू इथल्याच लोकांत वाढली, मराठी बोलली, इथेच म्हातारी झाली. तिला पाहिलेली माणसं आजही शहरात भेटतात. या घराण्याची गोष्ट कोणाला सांगायला लागलो की माझा वेळ कुठे जातो कळत नाही, म्हणून इथे आवरतं घेतो.

तिथून टिळक आळीत या. २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्यांचा जन्म या आळीतल्या घरात झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. त्यांची बदली झाली आणि दहा वर्षांच्या बाळनं रत्नागिरी सोडली. घर कौलारू आहे, अंगण आहे, आतमध्ये चित्रं आणि कागदपत्रं मांडलेली आहेत. बघायला अर्धा तास पुरतो. पण राजवाडा पाहून झाल्यावरच इथे या, असं मी मुद्दाम सांगतो. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी भोगली ती मंडालेच्या तुरुंगात. 'गीतारहस्य' तिथलंच. म्हणजे १९०८ ते १९१४ अशी जवळजवळ सहा वर्षं मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदिवान होता आणि रत्नागिरीचा मुलगा मंडालेत. एकाच सरकारनं दोघांना समुद्रापार पाठवलं होतं. ही दोन ठिकाणं एकाच सकाळी पाहिली की इतिहासाच्या पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत असलेल्या या गोष्टी एकत्र समोर येतात. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे तिथेच, अंगणात उभं करून सांगा.

तिसरं नाव सावरकरांचं. अंदमानातून आणल्यावर त्यांना काही काळ रत्नागिरीच्या तुरुंगात ठेवलं होतं. पुढे १९२४ पासून जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारण करायचं नाही, या अटींवर त्यांची सुटका झाली. १९३७ पर्यंत ते स्थानबद्ध होते. मार्च १९२७ मध्ये गांधीजी रत्नागिरीत आले, तेव्हा ते सावरकरांना भेटायला त्यांच्या घरी गेले होते. या काळात सावरकरांनी इथे अस्पृश्यतेविरुद्ध काम उभं केलं, आणि १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उघडलं. सर्व जातींच्या लोकांना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश असलेलं देऊळ. त्या काळच्या रत्नागिरीत ही केवढी मोठी गोष्ट होती, याची कल्पना आज चटकन येत नाही. देवळासाठी पैसा उभा केला तो भागोजीशेठ कीर यांनी. रत्नागिरीतल्या गरीब भंडारी कुटुंबातला हा माणूस मुंबईला जाऊन बांधकामाच्या धंद्यात मोठा झाला. किल्ल्याजवळचं भागेश्वर मंदिरही त्यांचंच. सावरकरांच्या विचारांविषयी तुमचं मत काहीही असो, हे मंदिर बघा आणि भागोजीशेठचं नाव लक्षात ठेवा. पाहुण्यांना ते कोणी सांगत नाही.

दुपारी जेवा आणि झोपा. एप्रिल-मेमध्ये बारा ते चार इथे फिरण्यात अर्थ नाही. जेवणाबद्दल थोडक्यात सांगतो. मासे खाणार असाल तर त्या दिवशी काय आलंय ते विचारून मागवा, सुरमई-पापलेटचा हट्ट धरू नका. ताजा बांगडा किंवा तिसऱ्यांचं सुकं शिळ्या पापलेटापेक्षा कितीतरी चांगलं. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा आलात तर खाडीतल्या माशांवर आणि सुकटीवर समाधान माना. शाकाहारी असाल तर कुळथाची पिठी, भात आणि सोलकढी मागा. आंबापोळी, फणसपोळी, कोकम हे सगळं राम आळीच्या बाजारात मिळतं.

उन्हं कलली की किल्ल्यावर जा. रत्नदुर्ग, आमच्या तोंडी भगवतीचा किल्ला. घोड्याच्या नालेच्या आकाराचा, तीन बाजूंना समुद्र. बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ, नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते. तटावरून चालत पूर्ण फेरी मारा. एका बाजूला खाली मिरकरवाड्याचं बंदर दिसतं, रंगीत बोटी दाटीनं उभ्या असतात, त्यांच्यापलीकडे मिऱ्याचा डोंगर. दीपगृह वेगळ्या टेकडीवर आहे. संध्याकाळी ठरावीक वेळेत वर सोडतात, तेवढी वेळ आधी विचारून घ्या.

तटावरून आणखी एक गोष्ट पाहा, कारण इतकी स्पष्ट ती दुसरीकडून दिसत नाही. किल्ल्याच्या एका अंगाची वाळू काळी आणि दुसऱ्या अंगाची पांढरी. आम्ही मांडवीकडच्या बाजूला काळा समुद्र म्हणतो आणि मिऱ्याकडच्या बाजूला पांढरा समुद्र. पाणी एकच. काळेपणा येतो तो वाळूतल्या इल्मेनाइटसारख्या जड खनिजांमुळे. सह्याद्रीचा बेसॉल्ट झिजतो, नद्या तो खाली आणतात, लाटा हलके कण वाहून नेतात आणि जड कण किनाऱ्यावर राहतात. पांढऱ्या वाळूत शिंपल्यांचा चुरा जास्त. मधे घुसलेल्या किल्ल्याच्या डोंगरामुळे दोन्हीकडची वाळू एकमेकींत मिसळत नाही. मांडवीच्या जेट्टीवर संध्याकाळी सगळं शहर येतं, भेळ खातं, गप्पा मारतं. मुंबईच्या बोटीतून आलेली माणसं पूर्वी छोट्या होड्यांतून इथेच उतरायची. पोहण्यासाठी मात्र मांडवी नाही. पाण्यात पाय बुडवायचेच असतील तर भाट्याला जा.

मुलं असतील तर झाडगावच्या सागरी संशोधन केंद्राचं मत्स्यालय चुकवू नका. तिथला देवमाशाचा सांगाडा पाहताना मोठ्यांचीही तोंडं उघडी राहतात.

आता दुसऱ्या दिवसाचं. इथे माझा सगळ्यात जास्त आग्रह आहे तो कातळशिल्पांचा, आणि बहुतेक पाहुण्यांनी त्यांचं नावही ऐकलेलं नसतं. रत्नागिरीच्या आसपास डोंगरमाथ्यावर जांभ्याचे सपाट सडे आहेत. झाड नाही, माती नाही, नुसता काळपट तांबडा कातळ. त्या कातळावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी चित्रं कोरून ठेवली आहेत. हत्ती, मासे, माणसांच्या आकृती, आणि अर्थ न लागणाऱ्या मोठमोठ्या चौकोनी रचना. गावातल्या लोकांना काही शिल्पं पूर्वीपासून माहीत होती. कुठे त्यांना पांडवांची चित्रं म्हणायचे, कुठे त्यावर गुरं बांधायचे. रत्नागिरीचेच सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी वाड्यावाड्यांत फिरले, गुराख्यांना विचारलं आणि एकेक सडा पालथा घातला, म्हणून आज त्यांची नोंद आहे. २०२२ मध्ये कोकणातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आठ महाराष्ट्रातली, एक गोव्यातलं.

शहरातून सोयीचं ठिकाण उक्षी. तिथे एकाच मोठ्या हत्तीचं शिल्प आहे आणि गावकऱ्यांनी स्वतः पुढाकार घेऊन त्याभोवती गोल कठडा बांधला आहे. वेळ असेल तर राजापूर तालुक्यात कशेळीला जा. तिथला हत्ती इतका प्रचंड आहे की त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. त्याच गावात कनकादित्याचं जुनं सूर्यमंदिरही आहे. या भागात आज रानात हत्ती नाहीत. मग कोरणाऱ्यानं हत्ती कुठे पाहिला? हवामान वेगळं होतं, का तो दुरून आला होता? अभ्यासकांचा वाद चालू आहे आणि वय ठरवण्याचं कामही. जाताना दोन गोष्टी पाळा. सकाळी लवकर किंवा दुपारी चारनंतर जा, कारण तिरप्या उन्हातच रेषा उठून दिसतात, भरदुपारी तुम्हाला नुसता दगड दिसेल. आणि शिल्पावर पाय देऊ नका, खडूनं रेषा रंगवू नका. हा कातळ कठीण दिसला तरी झिजतो. हे सडे खासगी मालकीचे आहेत, त्यांच्यावर चिऱ्याच्या खाणी निघतात, रस्ते जातात, प्रकल्प येतात. जे कागदावर संरक्षित नाही ते उद्या असेलच असं नाही. पाहुणे मुद्दाम शिल्पं बघायला आले, गावात चहा प्यायले, वाटाड्याला पैसे दिले, तर गावालाही ती राखावीशी वाटतात. म्हणून मी सांगतो, जा.

पावसाच्या शेवटी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आलात तर हेच सडे रानफुलांनी भरलेले असतात. माझ्या मते रत्नागिरीला यायचा सगळ्यात सुंदर काळ हाच. लोक आंब्यासाठी मेमध्ये येतात, तेही बरोबर आहे, पण रस्त्यावर दिसणारी प्रत्येक पेटी रत्नागिरी हापूसची नसते. ओळखीच्या बागायतदाराकडून घ्या आणि अढीत पिकवलेलाच मागा. रेल्वेनं येणार असाल तर दिवसाची गाडी घ्या. स्टेशन शहरापासून लांब आहे, रिक्षा लागते. पण उक्षीनंतरचा साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा आणि गोव्याकडून येताना लागणारा पानवलचा उंच पूल रात्री झोपेत पार करू नका.

आणि पुळं? जाच. फक्त महामार्गानं न जाता आरे-वारेच्या किनारी रस्त्यानं जा. वळणावर वर थांबलात की दोन्ही किनारे एकदम दिसतात. फोटो वरूनच काढा. आरे-वारे आणि गणपतीपुळे, दोन्ही ठिकाणी समुद्र फसवा आहे. चार पावलांत खोली वाढते आणि परतीच्या लाटेला ओढ असते. दरवर्षी इथे पाहुणे बुडतात, बहुतेक वेळा तरुण मुलं. गुडघ्याच्या पुढे जाऊ नका, आणि स्थानिक माणूस नको म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका.

गणपतीचं दर्शन झालं, डोंगराला प्रदक्षिणा झाली की लगेच गाडी फिरवू नका. तिथून अगदी जवळ मालगुंड आहे. १८६६ मध्ये केशवसुतांचा जन्म तिथे झाला. कोकण मराठी साहित्य परिषदेनं त्यांचं घर राखलं आहे, शेजारी स्मारक आहे, शिळांवर त्यांच्या कविता कोरल्या आहेत. पुळ्याच्या वाहनतळावर बसगाड्यांची रांग असते, तेव्हाही मालगुंडला तुम्हाला घर निवांत बघायला मिळेल. तासभर काढा आणि त्या शिळांवरच्या कविता मोठ्यानं वाचा.