दगडावर मुंबई नाही

सांगलीत दुपारी महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसलो आणि नागपूरला उतरलो ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. वाटेत डब्यातली माणसं चारदा बदलली, चहा बदलला, बडनेरा येईपर्यंत समोरच्या बाकावरची मराठीही बदलली. राज्य तेवढं तेच. पन्नाशी आली तरी मी नागपूर पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे नागपूर म्हणजे उन्हाळ्यात बातम्यांतलं तापमान आणि डिसेंबरात बातम्यांतलं अधिवेशन.

बरोबर माझी शाळेपासूनची मैत्रीण होती. ती मूळची इथलीच. वडिलांची १९८४ साली सांगलीला बदली झाली तेव्हा ही पाचवीत. "मला नागपूर तोंडपाठ आहे" हे तिनं दौंडला एकदा आणि भुसावळला एकदा सांगितलं.

त्या तोंडपाठ नागपुरात हिवाळी अधिवेशनाच्या आठवड्यात खोली मिळत नाही, हे मात्र दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. आधी पैसे भरलेल्या लॉजवर काउंटरवरचा पोरगा शांतपणे म्हणाला, "बुकिंग दिसून नाही रायलं मॅडम." त्याच्या मागच्या सोफ्यावर कुण्या आमदाराची माणसं बॅगा घेऊन बसली होती, त्यामुळे आमचं बुकिंग कुठे गेलं ते आम्हाला दिसून रायलं होतं. अर्धा तास भांडलो. शेवटी धरमपेठेत दुप्पट भाड्याची एक खोली मिळाली, खिडकी भिंतीकडे उघडणारी.

सकाळी थंडी चांगलीच होती. कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या ठेल्यावर गेलो. डिशमध्ये पोहे, त्यावर डावभर हरभऱ्याची तर्री, वर चिरलेला कांदा, शेव, लिंबाची फोड. ठेलेवाल्यानं विचारलं, "तर्री जास्त टाकू काय ताई?" मी कोल्हापुरी कटावर वाढलेली बाई, लगेच "टाका" म्हणाले. तर्री दिसायला पातळ, निरुपद्रवी. पहिल्या दोन घासांना काहीच झालं नाही. तिसऱ्याला कानात ऊब आली आणि चौथ्याला उचकी लागली. आमच्या मिसळीचं तिखट आधी जिभेला भिडतं, हे मागून येऊन गाठतं. ठेलेवाल्यानं न सांगता चहा पुढे केला. मैत्रीण निवांत खात होती.

झिरो माईलला आम्ही साडेसातच्या आत पोचलो, कारण विधानभवन शेजारीच आणि नंतर पोलिसांची बॅरिकेडं लागतात. एक दगडी खांब, चार उधळलेले घोडे आणि बाजूला एक षटकोनी दगड. १९०७ साली इंग्रजांच्या मोजणी खात्यानं बसवलेला. समुद्रसपाटीपासूनची उंची फुटांत, दशांशचिन्हापुढचे तीन आकडे देऊन कोरली आहे: १०२०.१७१. फोटो काढून झाले आणि मी गावांची नावं वाचायला लागले. हैदराबाद, चांदा म्हणजे आपलं चंद्रपूर, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, पुढे मैल. दगडाला फेरी मारून पुन्हा पाहिलं. मुंबई नाही. पुणे तर नाहीच.

त्यात नवल नाही म्हणा. तेव्हा ही मध्य प्रांताची राजधानी होती आणि १९५६ पर्यंत नागपूरचं राजधानीपण टिकलं. मुंबईशी लग्न त्यानंतरचं. त्याच्या बोलाचाली १९५३ च्या नागपूर करारात झाल्या आणि वर्षातून एक अधिवेशन इथं भरवायचं ठरलं. म्हणजे आमची खोली गेली त्याचं मूळ तिथवर जातं. गंमत सोडा, पण त्या दगडापाशी पहिल्यांदा जाणवलं की आम्ही सांगली-साताऱ्याकडची माणसं नागपूरला "लांब" म्हणतो, तेव्हा लांब कुठून हे कधी सांगत नाही.

परतताना यशवंत स्टेडियमजवळ मोर्चाची जमवाजमव चालू होती. गुलाबी साड्यांतल्या अंगणवाडी सेविका रस्त्याकडेला बसून डबे खात होत्या. एकीच्या तोंडी "काय वो" ऐकलं आणि थांबलेच. आमच्या शेजारच्या तालुक्यातल्या निघाल्या! आमच्याच गाडीनं, जनरलच्या डब्यातून आलेल्या. त्यांनी आम्हाला शेंगदाण्याची चटणी दिली. "नागपूर बघायला आलाय व्हय?" असं त्यातली एक म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. मोर्चा अडेल तिथवर जायचं, निवेदन द्यायचं आणि रात्रीची गाडी धरायची, एवढंच त्यांचं नागपूर.

बर्डीचा किल्ला बाहेरूनच पाहिला. १८१७ च्या नोव्हेंबरात इथं अप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली आणि हरली. आता किल्ला लष्कराकडे आहे, २६ जानेवारी, १५ ऑगस्टसारखे मोजके दिवस उघडतो. सीताबर्डी असं पूर्ण नाव इथं कुणी घेत नाही, बर्डीच. खाली बाजारात स्वेटर, चपला आणि इतकी गर्दी की मैत्रिणीचं तोंडपाठ नागपूर तिथंच विस्कटलं. डोक्यावरून मेट्रो गेली तशी ती म्हणाली, "हे इथं नव्हतं." पुढचे दोन दिवस हे वाक्य मी किमान वीसदा ऐकलं.

दीक्षाभूमीवर मात्र तिनं ते वेगळ्या सुरात म्हटलं. "इथं नुसतं काम चालू होतं. सळया, वाळू. बाबा म्हणायचे, मोठा स्तूप होणार आहे." १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली ती याच जागी, स्तूपाचं लोकार्पण २००१ च्या डिसेंबरात झालं. आत गेल्यावर कळतं की तो पोकळ आहे. एवढा मोठा घुमट आणि खाली फक्त चपला काढलेल्या पावलांचा आवाज. एक आजोबा नातवाला बोधिवृक्षाची पानं दाखवत होते, तोडू मात्र देत नव्हते. आम्ही तासभर बसलो. दोघी गप्प होतो, आमच्या बाबतीत हे विशेषच.

संध्याकाळी महाल भागात सावजी जेवण. छोटं भोजनालय, चार बाकं. हा स्वयंपाक मूळ हलबा कोष्ट्यांचा, मागावर कापड विणणाऱ्यांचा; रश्शात जवसाचं तेल. काळपट मटण रस्सा, ज्वारीची भाकरी. सकाळचा धडा आठवून मी "रस्सा कमी" म्हणाले. वाढणाऱ्यानं तो शब्द ऐकलाच नाही. यावर जास्त लिहिण्यात अर्थ नाही, नाक पुसायला माझा रुमाल पुरला नाही.

गोकुळपेठ बाजारात भाजीवालीनं "सांबार पायजे काय?" विचारलं आणि मी म्हणाले, "नको, इडली नाहीये." बाईनं कोथिंबिरीची जुडी हातात धरून माझ्याकडे असं पाहिलं की मैत्रीण रस्त्यात बसायची राहिली. आंबिया बहराची संत्री आली होती. सैल सालीची, नख लावलं की वेगळी होणारी. सांगलीत मिळतं ते फळही नागपुरीच म्हणवतं, पण इथल्या आंबटपणात जी धार आहे ती चार दिवसांत वाटेतच कुठे तरी जाते.

शेवटच्या दुपारी रविनगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये गेलो. तिचं घर शोधायचं होतं. दोन गल्ल्या चुकलो, तिसऱ्या गल्लीत एका इमारतीसमोर ती थांबली. रंग बदललेला, गॅलरीला जाळी. कडुलिंब होता. ती वर बघत राहिली. खाली क्रिकेट खेळणाऱ्या पोरानं बॅट काखेत मारून विचारलं, "कोनाले पाहून रायल्या काकू?"

"कोनाले नाही रे बाप्पा," ती म्हणाली, "माहं घर होतं न हे. तेच पाहून रायली."

चाळीस वर्षांत हा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता. तिला स्वतःला पत्ताही नव्हता. पोरगा म्हणाला, "मंग या न वरतं," आणि ती निघाली पण, माझ्या हातात संत्र्यांची पिशवी देऊन.