वळवाची वीस मिनिटं

मे अखेरची दुपार. चारच्या सुमारास कात्यायनीच्या डोंगराच्या बाजूनं ढग चढले आणि वळीव वीस मिनिटं कोसळून गेला. पाऊस थांबताच आम्ही कोल्हापूरच्या कळंबा तलावाच्या वरच्या अंगाला एका प्लॉटिंगच्या साइटवर पोचलो. वळवानंतरचा पहिला अर्धा तास तपासणीला सोन्यासारखा. दुसऱ्या दिवशी गेलं तर ओघळ मुरूम टाकून बुजवलेले असतात.

कागदावर साइट चोख. काठाला पाणी गाळून घ्यायला ३० मीटरचा गवताचा पट्टा राखलेला, त्याच्या वर गाळ अडवायला हिरवी जाळी. सुपरवायझर म्हणाला, "जाळी जाग्यावरच हाय की साहेब." जाळी जागेवरच होती, पाणी तिच्या खालून गेलं होतं. खालची कड जमिनीपासून चार बोटं वर, बांबूला तारेनं बांधलेली. गाळ अडवायचा तर १५ सेंमी खोल चर खणून कड त्यात गाडावी लागते, वर माती ठोकून दाबावी लागते. जाळीही समपातळीत हवी आणि दोन्ही टोकं चढाकडे वळवलेली, नाहीतर पाणी बगलेनं निघून जातं. शेडनेटची विरळ जाळी तर बारीक माती अडवतच नाही. विणलेलं घट्ट कापड लागतं.

खरी भानगड मात्र पुढं होती. रस्त्याकडेच्या गटारींचं सगळं पाणी ३०० मिमीच्या एकाच सिमेंट पाइपात घेऊन तो पाइप थेट पट्ट्यात सोडला होता. तोंडाशी फरशी नाही, दगड नाही. तिथून पाण्याच्या कडेपर्यंत गुडघाभर खोल ओघळ पडलेला, दोन्ही बाजूंची हरळी मुळांसकट लोंबत होती. म्हणजे ३० मीटरच्या पट्ट्यातलं हातभर रुंदीचं गवत सोडलं तर बाकीच्याला पाणी शिवलंही नव्हतं.

साइटवरच्या पर्जन्यमापकात २० मिमी पाऊस होता. १ हेक्टरवर १ मिमी म्हणजे १० घनमीटर पाणी, त्यामुळे हिशोब तोंडी होतो. १.२ हेक्टरवर २४० घनमीटर पडलं. गवताळ माळ असताना त्यातलं साधारण ३० टक्के वाहिलं असतं, म्हणजे ७२. रोलर फिरवलेल्या रस्त्यांवरून आणि उघड्या मुरमावरून ७० टक्के धरा, म्हणजे १६८. वीस मिनिटांत हे जायचं तर सेकंदाला सरासरी १४० लिटर. १०० ला १ उताराचा तो पाइप भरून वाहिला तरी ९५ च्या आसपास नेतो. उरलेलं रस्त्यावरून उसळून आणखी माती घेऊन गेलं.

ओघळातलं पाणी लिटरच्या बाटलीत भरून जीपच्या बॉनेटवर ठेवलं. मिनिटभरात तळाला बोटभर वाळू बसली. वरचं पाणी चहासारखं, ते दुसऱ्या दिवशी सकाळीही गढूळच. गाळाच्या खड्ड्यात वाळू अडते, चिकणमाती नाही, हे बाटली फार लवकर शिकवते. आणि केंदाळाला, म्हणजे जलपर्णीला, पोसणारा फॉस्फरस त्या बारीक मातीलाच चिकटून येतो. रंकाळ्याला केंदाळानं किती छळलंय, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. बारीक माती अडवायचा स्वस्त उपाय एकच, ती सुटूच द्यायची नाही. सगळी साइट एकदम खरवडायची नाही आणि मुरमाचे ढीग ताडपत्रीखाली ठेवायचे.

कायद्याचं म्हणाल तर पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांत गेल्या दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही. पण पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले कळंब्यासारखे तलाव त्या व्याख्येतून वगळले आहेत, त्यामुळे अशा ठिकाणी परवानगीच्या अटींवरच भिस्त. आणि अटीत अंतर लिहिलं होतं, पाणी कुठून कसं सोडायचं हे नव्हतं.

ते त्या दिवशी लिहून घेतलं. पाइपच्या आधी १२ बाय ८ मीटरचा, दीड मीटर खोल खड्डा. वरच्या मीटरभरात १६८ वजा ७२, म्हणजे वाढीव ९६ घनमीटर पाणी थांबतं, खालचा अर्धा मीटर गाळाला. बाहेर १६० मिमीचा पीव्हीसी पाइप, म्हणजे तलावाकडे माळ असताना जायचं तेवढंच, सेकंदाला ६० लिटरच्या आत. त्यापुढं दोन मीटर दगडी पिचिंग, खाली जिओटेक्स्टाइल कापड. ते नसेल तर दगडांच्या फटीतून माती धुपते आणि दगड बसतात. मग पट्ट्याच्या वरच्या कडेला १२ मीटर लांब, लेव्हल लावून केलेला काँक्रीटचा उंबरा. त्यावरून पाणी चादरीसारखं गवतात पसरतं. ती चादर जेमतेम २ सेंमी जाडीची, त्यामुळे उंबरा एका जागी तेवढा खचला तरी सगळं पाणी तिथंच धावतं आणि नवा ओघळ सुरू. मिस्त्री 'सेंटिमीटरनं काय होतंय' म्हणाला, त्याला पातळी बघायची पाण्याची नळी लावून दाखवली. ओघळ भरून त्यावर आडव्या ओळींत वाळा गवत, रोपं १५ सेंमीवर.

खड्ड्याच्या भिंतीवर, गाळासाठी ठेवलेल्या अर्ध्या मीटरच्या निम्म्या उंचीला, लाल रेघ मारून घेतली. गाळ तिथं टेकला की उपसायचा. प्लॉट विकून झाल्यावर तो कोणी उपसायचा, तो रकाना अजून कोराच आहे.