इसेच्या देवळात जाताना

मंगेशीच्या तळीवर पाय धुणाऱ्या गोंयकाराला जपानच्या इसे देवस्थानात आधी हेच चकवतं: इथे पायांत बूट तसेच, धुवायचे हात आणि तोंड. लांब दांड्याची पळी उजव्या हातात धरून डावा हात धुवा, मग पळी बदलून उजवा. चूळ डाव्या ओंजळीतून भरायची. पळी ओठांना लावली की उष्टी झाली, हे आपल्याला कशाला सांगायला हवं! उरलेलं पाणी पळी उभी करून दांड्यावरून सोडायचं. सगळं एका पळीत भागवायचं, म्हणून सुरुवातीलाच अर्धं सांडू नका.

आधी गेकू म्हणजे बाहेरचं देऊळ, मग नाइकू म्हणजे आतलं. दोनदा लवून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एक नमस्कार. इझुमो या जपानच्या दुसऱ्या मोठ्या देवस्थानात मात्र टाळ्या चार. कौलाची सवय असली तरी भविष्याची चिठ्ठी इसेला मिळत नाही.

जीर्णोद्धार दर 20 वर्षांनी, शेजारच्याच मोकळ्या जागेवर देऊळ नव्यानं बांधून. मागचा 2013 साली झाला.