राजवाड्यातनं फोन

कोल्हापुरात एखाद्याला "राजवाड्यातनं फोन आलाय" म्हटलं की तो हरखत नाही, दचकतो. जुना राजवाडा हे आमच्याकडं पोलीस ठाण्याचंही नाव आहे. मोबाइल हरवला, गाडीला कुणी घासून गेलं, की चला राजवाड्याला.

करवीर संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालं. कागदावरचं राजधानीपण तिथंच संपलं. गावाला मात्र ते कुणी नीट समजावून सांगितलेलं दिसत नाही. भवानी मंडपात अजून शाळा भरते. परगावची माणसं माना वर करून नगारखान्याचे फोटो काढत असतात, आणि आमचा माणूस भाजीची पिशवी सावरत "सरका की जरा मर्दा" म्हणून त्याच कमानीखालनं निघून जातो.

पाहुणे विचारतात, बघण्यासारखं काय आहे? मी त्यांना खासबागेत नेतो. शाहू महाराजांचं 1912 चं कुस्तीचं मैदान. मधोमध हौदा, भोवती गोलाकार चढत गेलेली बसायची जागा. पार मागच्या माणसालाही पैलवानाची पकड दिसते. त्याला खेटूनच त्यांनी 1915 मध्ये नाटकाचं थिएटर उभारलं, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. तालीम आणि तालमीचा शेजार! ज्या घशानं दुपारी "घे की टांग" ओरडायचं, त्याच घशानं रात्री वन्स मोअर मागायचा. 2024 च्या ऑगस्टमध्ये ते थिएटर जळालं, तेव्हा भर रस्त्यात माणसं रडली. महापालिकेच्या मालमत्तेसाठी सहसा कुणी रडत नाही.

दसऱ्याला छत्रपती घराणं मेबॅक मोटारीतून दसरा चौकात येतं आणि सोनं लुटायला गर्दी उसळते. त्या गर्दीतही प्रत्येक जण थोडा मानकरी असतोच. एरवीही असतो. म्हणून इथं हॉर्न वाजवून कुणाला बाजूला करता येत नाही.

2025 च्या ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोर सुरू झालं. वकिलांनी त्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली होती. आमच्या चहावाल्याचा सूर वेगळाच. "संस्थानाचं हायकोर्ट होतंच की हो. आमचंच आमाला दिलं, त्यात काय?" मग कोर्टाकडं निघालेल्या गाड्यांच्या रांगेकडं बघत म्हणाला, "फकस्त ह्या लावायच्या कुठं, ते बी महाराजांनाच इचारावं लागंल."