बर्फ टाकायचा कुठे?

परवा अण्णांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "ट्रॅक्टरला ब्लोअर जोडलाय." ते लगेच म्हणाले, "किती लिटरचा?" आमच्या निफाडकडे ब्लोअर म्हणजे द्राक्षबागेत औषध मारायचा. मी फोन फिरवून बर्फ उडवणारा ब्लोअर दाखवला. पाच फूट रुंद लोखंडी तोंड, आत आडवा फिरणारा स्क्रू, वर हवा तिकडे वळवता येणारं नळकांडं. पण टॉपलिंक आणि मधला शाफ्ट दिसल्यावर त्यांना पुढचं काही सांगावं लागलं नाही. "540 वरच चालतो ना?" हो, शाफ्टच्या मिनिटाला 540 फेऱ्यांवरच. रोटाव्हेटर जिथे जोडतात तिथेच हा जोडायचा.

आम्ही अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या दक्षिणेला, गावाबाहेर राहतो. रस्त्यापासून घरापर्यंत 300 फूट लांब, 12 फूट रुंद खडीची वाट आहे. नोव्हेंबरात ईरी सरोवराचं पाणी अजून कोमट असतं आणि वरून कडक थंड वारा येतो. तो सरोवराच्या लांबीवरून वाहत आला की वाटेत वाफ उचलतो आणि काठावर येऊन सगळा बर्फ ओततो. बर्फाचा हा पट्टा अरुंद असतो. आमच्याकडे समोरची झाडं दिसत नाहीत तेव्हा वीसेक मैलांवर राहणारी मैत्रीण उन्हात गाडी धूत असते. पुढे सरोवर गोठलं की हा जोर ओसरतो. म्हणून इथे खरी धास्ती जानेवारीपेक्षा नोव्हेंबर-डिसेंबरची.

फूटभर बर्फ पडला की आमच्या वाटेवर किती वजन साचतं याचा मी एकदा हिशेब केला. वितळून इंचभर पाणी होईल असं धरलं तरी साडेआठ टन. फावड्याने हे करायचं म्हणजे कंबर गेलीच.

2022 चा नोव्हेंबर मी विसरणार नाही. चार दिवसांत बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कला 80 इंच बर्फ पडला आणि बिल्स या इथल्या फुटबॉल संघाचा घरचा सामना डेट्रॉइटला हलवावा लागला. आमच्याकडे तेव्हा 25 हॉर्सपॉवरचा लाल महिंद्रा होता, पुढे लोडर, मागे बर्फ लोटायची लोखंडी फळी. ब्लोअर नव्हता. पहिल्या दिवशी मी फळीने भराभर बर्फ दोन्ही कडांना लोटला. वाट तासाभरात मोकळी झाली आणि फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढाच पुन्हा पडलेला, आणि लोटायला जागाच नाही. कडेचे ढीग रात्रीत दगडासारखे झाले होते, फळी त्यांच्यावर आपटून ट्रॅक्टरच सरकत होता. तिसऱ्या दिवशी वाट इतकी आवळली की लोडर वळेना. मग एकेक बकेट भरायची, गोठ्यासारखी जुनी शेड आहे तिच्या मागे नेऊन ओतायची, परत यायचं. बोटं बधिर, मान आखडलेली. त्या दिवशी डोक्यात पक्कं बसलं की पहिल्या बर्फाच्या वेळीच शेवटच्या बर्फाची जागा राखून ठेवायची.

आता नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, जमीन कडक व्हायच्या आत, वाटेच्या दोन्ही बाजूंना फायबरच्या काठ्या रोवते. पहिला बर्फ चार इंचांचा असला तरी तो काठ्यांच्या पार सहा-सात फूट आत नेऊन टाकते, आणि होता होईल तेवढा पूर्वेलाच. वारा इकडे पश्चिमेचा. पश्चिमेला ढीग घातला की वारा त्याच्या आडोशाला मंदावतो आणि उडणारा भुरभुरीत बर्फ नेमका वाटेवर आणून टाकतो. बागेला वारा अडवायला शेवरी लावतो ना, तसा आपणच आपल्या वाटेवर आडोसा करून ठेवतो.

रस्त्याच्या तोंडाशीही हेच. रस्त्यावरचा बर्फ लोटणारी सरकारी प्लाऊ गाडी येते आणि मीठ मिसळलेल्या ढेकळांचा बांध आपल्या दारात घालून जाते. त्यावर उपाय मला शेजारच्या आजींनी सांगितला, त्यांनी 40 वर्षं गाई सांभाळल्यात. घराकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करायचं आणि डाव्या हाताला रस्त्याच्या कडेची दहा-बारा फूट जागा आधी साफ करून ठेवायची. गाडी डावीकडूनच येते. तिच्या फाळावरचा बर्फ त्या मोकळ्या खिशात पडतो, आपल्या दारात थोडाच उरतो. बर्फ रस्त्यापलीकडे ढकलून मात्र द्यायचा नाही, न्यूयॉर्कमध्ये ते बेकायदेशीर आहे.

ब्लोअर मागे असल्यामुळे सगळं काम रिव्हर्समध्ये. मानेला त्रास होतो, पण टायर न तुडवलेल्या बर्फावर जात नाहीत हा मोठा फायदा. खडी असल्यामुळे खालचे स्लेज, म्हणजे तोंडाखालचे जमिनीवर घसरणारे पाय, इंचभर खाली सोडून तोंड वर ठेवते, नाहीतर खडे गोळीसारखे सुटतात. मागच्या दोन टायरांना साखळ्या. आदल्या रात्री इंजिनचा हीटर प्लगला लावायचा आणि डिझेलमध्ये गोठू न देणारं औषध थंडी पडायच्या आधीच घालायचं. एकदा डिझेलमधल्या मेणाने फिल्टर तुंबला की ते औषध घालून काही होत नाही.

गेल्या वर्षी बर्फाखाली गाडलेलं रविवारचं जाडजूड वर्तमानपत्र ब्लोअरने गिळलं. खाडकन आवाज आला, शेअर बोल्ट तुटला. तो तुटण्यासाठीच असतो, गिअरबॉक्स वाचवतो. मी पीटीओ, म्हणजे शाफ्टला फिरवणारा जोड, बंद केला, इंजिन बंद केलं, चावी खिशात घातली, शाफ्ट पूर्ण थांबेपर्यंत उभी राहिले. मग लाकडी दांडक्याने तो लगदा काढला. हाताने नाही. आत अडकलेल्याचा ताण इंजिन बंद झाल्यावरही राहिलेला असतो आणि अडथळा सुटला की पातं झटका मारतं. लहानपणी अण्णा मला ट्रॅक्टरवर घ्यायचे ते ओढणी कमरेला घट्ट बांधून घेतल्यावरच. गावात एकाचा हात शाफ्टमध्ये गेला होता, त्याचं ओरडणं मी शाळेच्या पटांगणातून ऐकलं होतं. इथे माझा मुलगा खिडकीतून बघत असतो. मी खाली उतरताना त्याला चावी हातात धरून दाखवते, मगच ब्लोअरकडे जाते.

शेजारच्या आजींना मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिसला जावं लागतं. न्यायला गाडी सकाळी सहाला येते. त्यांची वाट माझ्यापेक्षा लहान आहे, वीस मिनिटांत होते, पण आधी त्यांची करते, मग आपली.

आज शुक्रवार. रात्री बारानंतर पट्टा आमच्यावर येणार असं हवामान खात्याचं म्हणणं आहे, सकाळपर्यंत 10 ते 14 इंच. ब्लोअर जोडून ठेवलाय, दोन शेअर बोल्ट आणि पाना जॅकेटच्या खिशात आहेत. हीटरला टायमर लावलाय, दोन वाजता सुरू होईल. मी साडेचारला उठेन.