टपावर काय बांधलंय?

बीडमध्ये छोट्या खासगी गाडीच्या टपावर कॅरियर दिसलं की लोक दोनच तर्क करतात. एक तर गाडी भाड्यानं लागते, नाही तर मालकाचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. आमच्या ऑल्टोवर कॅरियर चढलं तेव्हा नवरात्र चालू होतं. मला तुळजापूरचं भाडं विचारून झालं, शंभर खुर्च्यांचा दर विचारून झाला, आणि शाळेतल्या एका सहकाऱ्यानं बाजूला घेऊन हळूच, 'सर, घरी सगळं ठीक आहे ना?' असंही विचारलं. कॅरियर खरं म्हणजे बर्फावर खेळायला जाण्यासाठी बसवलं होतं. हे कारण मी सुरुवातीला एक-दोघांना सांगून पाहिलं. मग मंडपवाला म्हणवून घेणंच सोपं वाटायला लागलं.

हा उद्योग भाचीचा. ती पुण्यात नोकरी करते. काश्मीरमधल्या गुलमर्गला जाऊन ती स्की, म्हणजे पायांना लांब पट्ट्या लावून बर्फावर घसरणं, शिकून आली आणि तिला त्याचं वेडच लागलं. तिथं स्कीच्या जोड्या भाड्यानं मिळतात, बूट मिळतात, शिकवणारे मिळतात. तरी हिनं परदेशी परत निघालेल्या एका सहकाऱ्याकडून दोन वापरलेल्या जोड्या घेऊन ठेवल्या. क्रिकेट खेळणारा माणूस मैदानावर बॅट मिळत असली तरी स्वतःची घेऊन जातोच, त्यामुळे मी काही बोललो नाही. प्रश्न लांबीचा होता. एकेक स्की एक मीटर सत्तर. ऑल्टो साडेतीन मीटरच्या आसपास, त्यातला चांगला हिस्सा बॉनेट आणि डॅशबोर्डच खातात. मागची सीट पाडून स्की तिरप्या घातल्या तर टोक गिअरपाशी येतं आणि चारातली दोन माणसं घरी ठेवावी लागतात. त्या दोघांत मी असणार हे उघड होतं, म्हणून टपाचा विचार मीच पहिल्यांदा काढला.

जुन्या गाड्यांना हे काम सोपं होतं. अँबॅसडर, मारुती ८००, ओम्नी, सगळ्यांच्या टपाला कडेनं पत्र्याची पन्हळ असायची. कॅरियरचे पाय त्या पन्हळीत ठेवायचे, आकडा खाली अडकवायचा, नट कसायचा, झालं. पुढं गाड्या गुळगुळीत झाल्या आणि पन्हळ गेली. काही छोट्या गाड्यांच्या टपावर आता दोन काळ्या दांड्या दिसतात खऱ्या, पण त्यातल्या कित्येक नुसत्या शोभेच्या, सामान बांधायचं म्हटलं की पुस्तिकाच नको म्हणते. आमच्या गाडीला तेवढीही शोभा नव्हती. अशा वेळी दार उघडून चौकटीच्या वरच्या कडेला रबर लावलेली चपटी पट्टी अडकवतात आणि वरून कसतात. मग दार लावून बघायचं. 'कच्च' असा आवाज आला तर पट्टी जाड झाली. आवाज न होता लागलं तर पाइपानं पाणी मारून बघायचं, कारण दाराचं रबर कुठंतरी दबलेलं असलं तर पाणी नेमकं ड्रायव्हरच्या मांडीवर येतं.

भाचीनं मोबाइलवर एका स्वीडनच्या कंपनीचे बार पाठवले होते. थुले नावाची ही कंपनी १९४२ साली सुरू झाली ती मासे पकडायच्या सापळ्यापासून, आणि साठच्या दशकात गाडीच्या टपाकडे वळली. बार देखणे होते. पण किमतीत आमच्याकडे एखादी चालू स्थितीतली जुनी मोटारसायकल येते. मी गाडी काढली आणि जालना रोडला वेल्डिंगवाल्याकडे गेलो.

दसऱ्याच्या तोंडावर आमच्या जिल्ह्यातल्या वेल्डिंगच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. ऊसतोडीला जाणाऱ्या ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या असतात. कुणाचा फाळका सुटलेला, कुणाचा हूक झिजलेला, कुणाला ट्रॉलीच्या पुढच्या बाजूला पाण्याचं टिपाड ठेवायला कडी मारून हवी. दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं इथनं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा हिशोब. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा असतो. चूल, भांडी, कोंबड्या, बाज, म्हातारी, शाळेतलं नाव न कमी केलेलं पोरगं, सगळं वर चढतं. त्या रांगेत माझी पांढरी ऑल्टो लागली.

मिस्त्रींनी टेप लावत विचारलं, "वाहायचं काय सर?"

"स्की. लांब पट्ट्या असतात, बर्फावर घसरायच्या."

"वजन?"

"जोडी सहा-सात किलो. दोन जोड्या."

मिस्त्रींनी टेप सोडली, ती कडकन आत गेली. "तेरा-चौदा किलोला कॅरियर? सुतळीनं बांधून देतो की."

त्यांना समजावलं. मग ते उलट टोकाला गेले. एक इंची चौकोनी पाइप, चारी बाजूंनी कठडा, मध्ये जाळी, वर रेड ऑक्साइड मारून काळा रंग, अशी त्यांची कल्पना. भरलेल्या ट्रॉल्यांवर हात बसलेला माणूस, दुसरं काय सुचवणार! मी गाडीची पुस्तिका काढली. छोट्या गाड्यांच्या टपाला साधारण पन्नास किलो, काहींना पाऊणशेच्या आत, एवढीच मुभा असते, आणि कॅरियरचं वजन त्यातच धरायचं असतं. शिवाय ही मुभा गाडी पळत असतानाची. उभ्या गाडीच्या टपावर लग्नात दोन माणसं नाचून जातात आणि काही होत नाही, ते वेगळं. गाडी वळणावर असते तेव्हा वरचं वजन तिला बाहेर ओढतं, ब्रेक मारला की पुढं रेटतं, आणि तो सगळा ताण चार पट्ट्यांवर येतो. मिस्त्रींचा कठडा, जाळी, रंग मिळून वीस-बावीस किलोचा झाला असता. घासाघीस करून दोन आडव्या नळ्या आणि चार पाय एवढ्यावर आलो.

"जाळी नसली तर लोक म्हणतील काम अर्धवट सोडलं," मिस्त्री शेवटपर्यंत म्हणत होते.

बाजूच्या ट्रॉलीच्या कडेवर टेकून एक मुकादम हे सगळं ऐकत होते. त्यांनी विचारलं, "कुठं निघालाव हे घेऊन?"

"काश्मीरला."

"तिकडं कोणता कारखाना?"

मी म्हटलं, कारखाना नाही, खेळायला चाललोय. ते जरा थांबले. "थंडीत? सोताच्या पैशानं?" मग मिस्त्रींकडं वळून, "त्यांचं आधी करून द्या, त्यांना लांब जायचंय," म्हणाले. माझा नंबर दोन ट्रॉल्यांच्या आधी लागला. नको म्हणायला पाहिजे होतं की काय, हे अजून मला ठरवता आलेलं नाही. हिवाळ्यात सामान वर बांधून बीड सोडणाऱ्याला कारखान्याचं नाव विचारतात, यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

कॅरियर बसलं आणि गाडी गाऊ लागली. साठपर्यंत गप्प. सत्तरला हुंकार. पुढं एका कामासाठी संभाजीनगरला गेलो तेव्हा सावंगीवरून समृद्धीवर चढलो. तिथं गाड्यांना १२०ची मुभा आहे. पण शंभरच्या आतच आत बसलेल्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. वाऱ्याचा हिशोब क्रूर असतो. वेग ८०चा १२० झाला, म्हणजे दीडपट, की रेटा सव्वादोन पट होतो. त्यामुळे टपावर काही नसतानासुद्धा कॅरियर पेट्रोल पितंच. गाणं मात्र वेगळ्या कारणानं. गोल नळीवरून वारा जातो तेव्हा तिच्यामागं भोवरे सुटतात, एक वरून, एक खालून, अगदी ठेक्यात. तो ठेका कानाला सूर म्हणून ऐकू येतो.

इथं मिस्त्रींची सुतळी कामाला आली. त्यांनी पुढच्या नळीला सुतळीचे तिरपे वेढे दिले, वेढ्या-वेढ्यात चार बोटांचं अंतर ठेवून, दोन्ही टोकांना पक्की गाठ मारून. भाचीला वाटलं, हे नजर लागू नये म्हणून चाललंय. पण आवाज निम्म्याहून कमी झाला. सुतळीनं भोवऱ्यांचा ठेका मोडतो. नळीच्या प्रत्येक ठिकाणी ते वेगवेगळ्या वेळी सुटतात आणि सूर जमत नाही. कारखान्यांच्या काही उंच पोलादी धुराड्यांना वरच्या भागात वळत गेलेली पट्टी असते, ती याचसाठी. तिथं प्रश्न आवाजाचा नसतो, वाऱ्यानं धुराडं डोलायला लागण्याचा असतो. स्की बांधायचा चपटा पट्टाही असाच फडफडून गुणगुणतो. त्याला कसताना मध्ये एक पीळ द्यायचा, की गप्प. हे भाचीनं शिकवलं. स्कीचं वळलेलं टोक मागं ठेवायचं हेही तिचंच. मिस्त्रींना ते पुढं हवं होतं, दिसायला बरं म्हणून. टोकाखाली वारा शिरेल असं ती म्हणाली मात्र, ते लगेच मान डोलवून मोकळे झाले. पत्र्याखाली वारा शिरला की पुढं काय होतं, हे बीडमध्ये कुणाला सांगावं लागत नाही.

जानेवारीच्या अखेरीला निघालो. मी, दाजी, भाची आणि तिची मैत्रीण. आमच्या गावातनं जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ गेवराई, संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, हिसार असा करत थेट पंजाबात संगरूरला जाऊन संपतो. रोज या रस्त्यानं शाळेत जाताना हे कधी डोक्यात आलं नव्हतं. गेवराईपर्यंत उसाच्या ट्रॉल्या. पुढं कन्नडचा औट्रम घाट उतरलो आणि चाळीसगावच्या बाजूला चहाला थांबलो.

दोन्ही जोड्या एका लांब काळ्या पिशवीत घालून, तीन ठिकाणी पट्टे आवळून वर बांधल्या होत्या. हॉटेलसमोरच्या बाकावर एक म्हातारबाबा बसले होते. त्यांनी गाडीकडं पाहिलं, टोपी काढली, हात जोडले. मग माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात, "कुणाचं ओ?"

मला वाटलं, सामानाचं विचारतायत. म्हटलं, "भाचीचं."

"अरेरे. वय काय होतं?"

"अठ्ठावीस," दाजींनी आतून सांगितलं, त्यांना मागचं काही माहीत नव्हतं.

बाबांनी डोळे मिटले. तेवढ्यात भाची हातात भज्यांची प्लेट घेऊन आली आणि "मामा, मिरची घेणार का?" म्हणाली. खुलासा करायला पाऊण तास गेला. पिशवी सोडून एक स्की काढून दाखवावी लागली. बाबांनी ती उभी धरली, कडेच्या पोलादी पात्यावरून अंगठा फिरवला आणि धार बरी आहे म्हणाले. चहाचे पैसे त्यांनी आम्हाला देऊ दिले नाहीत. गाडीच्या पोटात काय आहे ते कुणी विचारत नाही. टपावर ठेवलेलं मात्र सगळ्यांचं होतं.

मध्य प्रदेश, राजस्थान, हरियाणा यांबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की प्रत्येक मुक्कामी मी सकाळी नट हातानं कसून बघायचो. नवं कॅरियर पहिल्या काही तासांत थोडं बसतं आणि नट ढिले पडतात. जम्मूनंतर डोंगर लागले, २०१७ साली सुरू झालेला चेनानी-नाशरीचा नऊ किलोमीटरचा बोगदा लागला. त्यात वाऱ्याचा आवाज भिंतींवरून परत यायला लागला तेव्हा सुतळी सैल पडल्याचं कळलं.

आणि मग टंगमर्ग. इथनं गुलमर्ग तेरा किलोमीटर वर आहे. बर्फ पडलेलं असलं की चाकांना साखळ्या नसलेल्या गाड्या इथंच अडवतात. आमची अडवली. साखळ्या लावलेल्या सुमोवाल्यानं आमची पिशवी उचलली, स्वतःच्या टपावर टाकली, एका दोरीनं दोन झटक्यांत बांधली. त्याचं कॅरियर मिस्त्रींच्या पहिल्या कल्पनेसारखं होतं. कठडा, जाळी, काळा रंग, सगळं. दाजी म्हणाले, "बघा, पूर्ण काम असं असतंय." मिस्त्रींना फोटो पाठवला. उत्तरात नुसता अंगठा आला.

वर भाची आणि तिची मैत्रीण गोंडोलानं, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या पाळण्यानं, अफरवट शिखराकडं गेल्या. दुसऱ्या टप्प्याचं वरचं स्थानक चार हजार मीटरच्या जरासं खाली आहे. मी आणि दाजी खालच्या उतारावर भाड्याच्या स्कीवर दोन तास पडलो. आईला व्हिडिओ कॉल लावला. सगळीकडं पांढरं पाहून तिनं विचारलं, "एवढी गार पडली? पीक होतं का खाली?" २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हा आमच्या हरभऱ्यावर असाच थर साचला होता, तो तिनं घमेल्यानं बाजूला करून पाहिलेला आहे. मी म्हटलं, इथं खाली गवत असतं, उन्हाळ्यात जनावरं चरतात. मग ठीक आहे म्हणाली, आणि दाजींचा मफलर कुठाय ते विचारायला लागली.

परत आल्यावर कॅरियर उतरवून ठेवायचं ठरवलं होतं. पण गावाकडच्या चुलतभावाचा फोन आला. ज्वारी काढून झाली होती, कडबा बांधून पडला होता आणि ट्रॅक्टरवाला भाव खात होता.

"तुझ्या टपावर किती वजन चालतं?"

"कॅरियर धरून पन्नास किलो."

"कॅरियर केवढ्याचं?"

"आठ-नऊ."

तो हिशोब करत राहिला. "पेंढी दीड किलोची धर. सत्तावीस बसतात."

मी त्याला वारा समजावला. कडबा हलका असतो पण पसरट, वजनापेक्षा त्याला रेटाच जास्त, आणि हा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो, वगैरे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग हळू चालव की. आणि सुतळी तुझ्याकडं हाये म्हणत होते दाजी, ती आण."